पाचवीतल्या पोरीला कापसाचा हिशोब येतो, पण वाचता येत नाही. काय करू?

नवी_बाई
१८ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या बाजूच्या एका तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर मी शिक्षणसेविका आहे. गावाचं नाव सांगत नाही, उगाच पंचाईत व्हायची. मी मूळची वर्ध्याकडची, इथलं हे दुसरं वर्ष.

पहिली ते पाचवी, पट ३१. माझ्याकडे तिसरी, चौथी, पाचवी मिळून १९. त्यातली ११ पोरं दीड किलोमीटरवरच्या कोलाम पोडावरून (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून) येतात, बाकीची गावातली, पण तीही मजुरी करणाऱ्यांचीच. ज्यांचं जरा बरं चाललंय त्यांच्या पोरांना सकाळी पिवळी गाडी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घेऊन जाते.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा एकेकाला जवळ बसवून वाचून घेतलं. दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट सरळ वाचणारे ५. सोपा परिच्छेद अडखळत वाचणारे ४. सुटे शब्द वाचतात पण वाक्य लागत नाही असे ६. आणि ४ जणांना अक्षरंच धड ओळखू येत नाहीत. त्या चौघांत एक पाचवीतली पोरगी आहे.

ती सलग पाच दिवस आली नाही म्हणून मी वावरात गेले. संध्याकाळची वेळ, वेचलेल्या कापसाची गाठोडी काट्यावर चढत होती. आईचा कापूस २७ किलो भरला, मामीचा ३१. वेचणीचा भाव किलोला १० रुपये. काटा करणारा माणूस मोबाइल शोधत होता तेवढ्यात पोरगी म्हणाली, "दोघींचे मिळून पाचशे ऐंशी. काल साठ उचल घेतली ना, मग पाचशे वीस." कडेवर धाकटा भाऊ, त्याच्या नाकाला शेंबूड, आणि हिचा हिशोब चोख.

दुसऱ्या दिवशी कशीबशी शाळेत आली. मी फळ्यावर तोच गुणाकार मांडला, २७ गुणिले १०. ती फळ्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं, मी काही चूक केली की काय असं.

मुख्याध्यापकांचं म्हणणं, पाठ पुढे सरकवा, अभ्यासक्रम मागे राहायला नको. त्यांचाही नाइलाज आहे, अर्धा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. पण पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे. ही त्यात नापास झाली, फेरपरीक्षेतही राहिली, तर पोडावरून परत येईल असं मला वाटत नाही. हातात चार महिने आहेत, त्यातले दोन वेचणीचे. कुणी असं काही केलंय का? मला भाषण नको, काय केलं ते सांगा.


जुना_खडू
१८ नोव्हेंबर

बाई, चौतीस वर्षं नोकरी केली, शेवटची सहा केंद्रप्रमुख म्हणून. भाषण द्यायची सवय आहे, आवरतो.

पहिलं काम तुम्ही केलंच आहे. एकेकाला जवळ बसवून वाचून घेणं. २००५ पासून 'असर' या शैक्षणिक पाहणीवाले गावोगावी हेच करत आले: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. आम्ही त्या अहवालावर सुरुवातीला फार चिडायचो, बाहेरची माणसं येऊन आमच्या पोरांची परीक्षा घेतात म्हणून. मग एकदा मीच केंद्रातल्या एका शाळेत तसं बसून बघितलं आणि गप्प झालो.

आता पुढचं. इयत्ता विसरा. रोज दीड तास तिसरी-चौथी-पाचवी अशी भिंत पाडा आणि वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करा. अक्षरवाले चार आणि शब्दवाले सहा तुमच्यासमोर, कारण त्यांनाच बाई लागते. गोष्ट वाचणाऱ्या पाचांना परिच्छेदवाल्यांबरोबर जोडून द्या, ती आपसात वाचतील. पाचवीतल्या पोरीला तिसरीतल्याबरोबर बसायची लाज वाटेल, म्हणून गटाला 'कच्चे-पक्के' म्हणू नका. आमच्याकडे एका गुरुजीनं पळस, मोह, साग अशी नावं दिली होती. पोरं कोण वर कोण खाली हे ओळखतातच, पण नाव घेताना टोचत नाही.

वेचणीचं म्हणाल तर रोज थोडं-थोडं हा हट्ट सोडा. उत्तर प्रदेशात २०१३-१४ साली प्रथम संस्थेनं सरकारी शाळांतच शिबिरं घेतली होती. दहा दिवस सलग, मग खंड, मग पुन्हा दहा दिवस. तिसरी ते पाचवीची पोरं त्यातून वाचायला लागली, आणि ते नीट मोजलं गेलंय. आपल्याकडे कापसाचा पहिला वेचा संपला की दुसरा फुटेपर्यंत मध्ये थोडी उसंत मिळते. ते दिवस हेरा.

आणि पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून त्या काट्यावरची वही मागून आणा. त्यात नावं असतात, तिच्या आईचं, मामीचं, शेजारणीचं. पोरीनं वाचलेला पहिला शब्द आईचं नाव असू द्या. आकडा तिला येतो, फक्त तो कागदावर कसा बसतो हे तिला कुणी दाखवलेलं नाही.

तुम्ही वर्ध्याच्या, म्हणून आठवण देतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्यातच शिक्षण परिषद घेतली आणि नई तालीम पुढे आली. हाताच्या कामातून शिक्षण, त्यात टकळी, चरखा. आपण कापसाच्या मुलखातली माणसं आणि पोरांना गणितात सफरचंदं मोजायला देतो. (पोराला वावरातच ठेवा असा याचा अर्थ कुणी काढू नये. मी काढणारे पाहिलेत.)


पऱ्हाटीवाला
१९ नोव्हेंबर

बाई, मी कास्तकार. पाच एकर कोरडवाहू. तुमचं सारं वाचलं. गुरुजीचंबी वाचलं. राग नका मानू, पन एक गोष्ट कोनी बोल्लंच नाई.

थे पोरगी वावरात कापूस वेचाले नाई गेली. थे लहान्या भावाले सांभाळाले गेली. तुमीच लिवलं ना, कडेवर पोट्टा होता. मायबाप सकायी सातले घर सोडते. तुमची शाळा साडेधाले भरते. मधात त्या लेकराले कोन पायनार? घराले कुलूप लागलं का ते दोघं कुठी जाईन? अंगनवाडी पोडावर नसन तं गावापर्यंत त्याले आनाले बी कोनीतरी पाह्यजे, अन दुपारी ते सुटली का पुन्हा तेच.

वेचनीत दोन पैसे भेटते थे ह्या दोन-अडीच महिन्यातच. मंग उन्हाळ्यापर्यंत हात रिकामे. गेल्या वर्षी माह्याच वावरात बाया भेटे ना, बाहेरून गाडी करून आनल्या. ज्याच्या घरात तीन हात चालते तो दोनावर कसा थांबन? आमीबी मजुराले म्हनतो का पोरं आनू नका, पन मनातून वाटते का आनले तं बरंच. खोटं कायले बोलू.

उपाय सांगतो. लहान्याले संगं आनू द्या शाळेत. बसू द्या मांगं. खिचडी शिजते तं एक मूठ जास्त. कागदावर कसं दाखवाचं ते तुमी शिकलेले लोक पाहा. अन शाळा थोडी सकायी उघडता येत असन तं पाहा, आठ वाजता. वेचनीपुरतीच.


ईर
१९ नोव्हेंबर

मी कोलाम आहे. माझं बालपण पोडावर गेलं, मग आश्रमशाळा, मग नर्सिंग. आता एका उपकेंद्रावर आहे.

हे नाव का घेतलं सांगते. आमच्या भाषेत ईर म्हणजे पाणी. पहिलीत बाईंनी चित्र दाखवून विचारलं, हे काय? मी म्हणाले ईर. पोरं हसली, बाईही हसल्या, वाईट मनानं नाही. त्यानंतर वर्षभर मी कशालाच उत्तर दिलं नाही. बाईंनी विचारलं, समजलं का, की मान हलवायची. घराला आम्ही एल्ला म्हणतो. पुस्तकात घ घराचा होता. माझ्या तोंडात घर हा शब्दच नव्हता, तर त्यातला घ मी कुठून काढणार?

लोकांना वाटतं कोलामी ही मराठीचीच वाकडी बोली आहे. तसं नाही. ती गोंडी, तेलुगूच्या घराण्यातली भाषा आहे, मराठीशी तिचं नातं नाही. मेळघाटातल्या कोरकूंचं तर घराणं आणखीच वेगळं, तिकडच्या शिक्षकांना विचारा. ताई, तुमची पोरगी काट्यावर मराठीत बोलली कारण काटा करणारा मराठी होता. ती मनात कोणत्या भाषेत मोजते ते एकदा विचारा.

दोन कामाच्या गोष्टी. पोडावर शिकवायचं असेल तर आधी नाईकाला, म्हणजे पोडाच्या प्रमुखाला, विचारा. चावडी ही आमची मानाची जागा आहे, कुणी बाहेरचं चपला घालून तिथं सतरंजी अंथरली तर लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, पण पोरं येणं बंद होईल. दुसरं, पोडावर आठवी-दहावी झालेली एखादी मुलगी असेलच. तिला सोबत घ्या. तिनं कोलामीत एक वाक्य सांगितलं तर तुमचा अर्धा तास वाचेल. तिला काही मानधन मिळालं तर उत्तम, नाही तर निदान जेवायच्या पंगतीत बसवा.

आणि पऱ्हाटीवाले दादा म्हणतात ते खरं आहे. माझ्या पाठीवर माझी बहीण होती. ती चालायला लागली तेव्हा माझी शाळा नीट सुरू झाली.


कागद_काढा
२० नोव्हेंबर

विषय थोडा सोडून, पण नंतर सगळे इथंच अडतात. जातीचा दाखला, आधारमधलं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव आत्ताच जुळवून घ्या, दहावीत धावपळ नको. जन्मदाखला किंवा टीसी नाही म्हणून २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेश नाकारता येत नाही, हे आईबापांना सांगा. सहावीला गावाबाहेर जायचं असेल तर एसटीचा मोफत पास मुलींना मिळतो. आठवीत एनएमएमएसच्या (केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या) परीक्षेला बसवा, निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. पोर आधी वाचायला लागलं पाहिजे हे कबूल, पण आईला हा आकडा सांगून बघा. आकडे तिलाही कळतात.


नवी_बाई
१४ डिसेंबर

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, मध्ये तापानं पडले होते.

काय झालं ते सांगते. सकाळी आठची शाळा मिळाली नाही. अर्ज दिला, तो वर गेला, खाली अजून आलेला नाही. म्हणून मी स्वतःच साडेआठला कुलूप उघडते. मुख्याध्यापक म्हणाले, "मी पाहिलं नाही." यातलं मी काय समजायचं ते समजले.

धाकटा येतो. पहिले दोन दिवस नुसता रडला, तिसऱ्या दिवशी खडूचा डबा त्याचा झाला. आता तीन धाकटे आहेत. स्वयंपाकीण काकूंनी पळीभर वाढवलं, कुणाला विचारलं नाही. एकानं मात्र शाळा म्हणजे पाळणाघर आहे का असं ग्रामसभेत विचारलं. मी उत्तर दिलं नाही, पोडावरच्या एका आजीनं दिलं, ते इथं लिहिता येणार नाही.

नाईकांना भेटले. चावडीपासून जरा अंतरावर, मोहाच्या झाडाखाली जागा मिळाली. पहिले दहा दिवस पूर्ण झाले. नववी सोडलेली एक ताई माझ्याबरोबर बसते. पहिल्या दिवशी तिला विचारलं, 'गोष्ट वाचा' याला कोलामीत काय म्हणू? तिनं सांगितलं, मी म्हटलं, आणि सगळं झाड हसलं. ईर ताई, तुमची पहिली आठवली. यावेळी हसू माझ्यावर होतं, ते बरं झालं.

काट्यावरची वही मिळाली नाही, मालक देईना. मग पोरांनी स्वतःचीच केली. रोज संध्याकाळी घरातल्या बायांचे किलो लिहायचे, सकाळी वाचून दाखवायचे. पाचवीतल्या त्या पोरीनं चौथ्या दिवशी आईचं नाव लिहिलं. वेलांटी चुकली होती, मी दुरुस्त केली नाही. मामीच्या नावाला ती स्वतःच थांबली आणि विचारलं, हा रफार कुठं बसतो?

काल पुन्हा वाचून घेतलं. अक्षरवाले ४ होते, आता १. शब्दवाल्यांतल्या ६ पैकी २ परिच्छेदावर गेले. गोष्टवाले ५ तेवढेच आहेत, त्यांच्याकडे माझं लक्ष कमी पडलं हे खरं. जुना_खडू सर, ती आपसात वाचतील म्हणालात, ती आपसात भांडतात. आणि दोघं जण २ तारखेपासून आलेच नाहीत, घरचे तेलंगणात मिरची तोडायला गेले. शिक्षण हमी कार्ड (बाहेरगावी गेलेल्या पोराला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते) मी करून ठेवलं होतं, पण ते हातात पडायच्या आधीच पहाटेची गाडी निघाली. तिकडच्या शाळेत तेलुगू.

दुसरी दहा दिवसांची फेरी संक्रांतीच्या आधी करायची आहे. मला एक जुना ताणकाटा हवाय, लटकवायचा, गाठोडं मावेल एवढा. चालू नसला तरी चालेल, फक्त आकडे दिसले पाहिजेत. पांढरकवड्याच्या आसपास कुणाकडे पडून असेल तर सांगा, मी न्यायला येते.