‘इनोव्हाचा बाप आला’ म्हणणाऱ्यांनी आधी तिसऱ्या रांगेत बसून दाखवावं

घोडबंदरवाला
परवा इथे कुणीतरी किया कॅरेन्स क्लॅव्हिस या सात सीटच्या नव्या गाडीचे फोटो टाकून लिहिलं, ‘इनोव्हाचा बाप आला, डोळे झाकून बुक करा.’ त्यावर दीडशे अंगठे. ८ मे २०२५ला गाडी दाखवली, ९ पासून २५ हजारांत बुकिंग सुरू, तेव्हा किंमत गुलदस्त्यात. भाव न विचारता भाजी पिशवीत टाकायची म्हणतात ती हीच.

गाडी वाईट आहे असं म्हणत नाही, पण आकडे तरी वाचा. नवी लांबी ४५५० मिमी, जुन्या कॅरेन्सची ४५४०. वाढलेले १० मिमी बंपरात गेले. रुंदी १८०० आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २७८०, दोन्ही जसेच्या तसे. सातही सीट उभ्या असताना डिकी तीच, २१६ लिटर. मग ‘आतून प्रशस्त झाली’ हे कुठून आलं? बदललं ते तोंड, दिवे, डॅशबोर्ड आणि एडास (कॅमेरा-सेन्सरने ब्रेक-स्टिअरिंगला मदत करणारी यंत्रणा).

शोरूममध्ये जाणार असाल तर असं करा. ड्रायव्हरची सीट घरातल्या सगळ्यात उंच माणसाच्या मापाने लावा. मधली रांग अशी सरकवा की गुडघा आणि पुढची सीट यांत चार बोटं राहतील. मग काहीही न हलवता मागे जा, दारं लावा आणि पंधरा मिनिटं बसा. सेल्समन मधली सीट आधीच पुढे ओढून ठेवतो, तिथेच गिऱ्हाईक फसतं. मांडी सीटला टेकते का ते बघा. मागची जमीन उंच आणि सीट बुटकी, त्यामुळे गुडघे वर येतात आणि सगळा भार माकडहाडावर. पनवेलला काही वाटत नाही, खोपोली आली की कळतं.

आणि लहान मूल असेल तर: मधल्या रांगेत आयसोफिक्सला (सीटमधल्या ठरीव कड्यांना) चाईल्ड सीट अडकवली की ती सीट दुमडत नाही, मग बटणाने दुमडण्याचं कौतुक उपयोगाचं नाही. चाईल्ड सीट ड्रायव्हरच्या मागे लावा, डावी बाजू मोकळी ठेवा. नाहीतर आजोबांना डिकीतून आत घालावं लागेल.

पामबीच
‘बाप’ शब्द लागला वाटतं. अहो, फेसलिफ्टमध्ये, म्हणजे नुसता चेहरामोहरा बदलताना, व्हीलबेस वाढत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. सात माणसं बसतात कधी? गणपतीला आणि एखाद्या लग्नाला. एरवी चार जण आणि सामान. मागची रांग पाडली की हीच डिकी ढिगाने मोठी होते.

मिळालंय काय ते पण लिहा की. लेव्हल २ एडास, ३६० कॅमेरा, पॅनोरमिक सनरूफ, पुढच्या सीटला गार हवा, सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटला. १६० पीएस टर्बोला आता सरळ सहा गिअरचा मॅन्युअलही. आणि इनोव्हा हायक्रॉसच्या किमतीशी तुलना केलीत तर बोलती बंद होईल.

घोडबंदरवाला
किंमत जाहीर व्हायच्या आधीच तुमची तुलना झालीसुद्धा. एडासबद्दल एवढंच सांगतो की एप्रिल २०२४ मध्ये गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने जुन्या कॅरेन्सला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तीन तारे दिले. सांगाडा सुधारला का, हा प्रश्न विचारायचा. कॅमेरा चिकटवून पत्रा जाड होत नाही.

आणि त्या डॅशबोर्डवर एसी आणि गाण्यांची बटणं एकाच टच पट्टीवर आहेत, आलटून पालटून. चालत्या गाडीत पंखा कमी करायला आधी पट्टी बदला, मग बघून बोट लावा. गोल खुंटी आंधळ्यालाही फिरवता येते.

गॅसवाला कळवा
मारुतीची एर्टिगा सीएनजी. किलोला २६.११ किमी. विषय संपला.

पामबीच
दादा, तुमच्या एर्टिगाच्या डिकीत ६० लिटरची टाकी बसली की सात माणसांचं सामान कुठे, मांडीवर? आणि १२१.५ एनएम टॉर्कवर, म्हणजे एवढ्याशा ओढीवर, सात जण घेऊन कसारा घाट चढताना एसी बंद करावा लागतो, तेही लिहा.

गॅसवाला कळवा
छताला कॅरियर लावतात. सनरूफवाल्यांना मग आकाश दिसत नाही.

खारघर डिझेल
मुद्द्याचं कुणीच बोलत नाहीये. ऑटोमॅटिक हवी असेल तर टर्बो पेट्रोलला ७ स्पीड डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आणि डिझेलला ६ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद देणारा). ती डीसीटी ड्राय क्लचची. गायमुख घाटात सात माणसं भरून पाच-सात किमीच्या वेगाने रांगत जा, क्लच अर्धवट टेकलेला राहतो, घासतो, तापतो. तेलात बुडालेला नाही म्हणून उष्णता बाहेर पडायला जागा नाही. मग गाडी झटके देते आणि पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना येते. तेव्हा बाजूला घ्या, ‘पी’त टाका, इंजिन चालू ठेवून थांबा. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरणं तर सक्त बंद.

डोळे झाकून डिझेल ऑटोमॅटिक घ्या, २५० एनएम आहे.

पातलीपाडा
आणि डीपीएफचं काय, साहेब? रोज मानपाडा ते ठाणे स्टेशन जाणाऱ्याला तुम्ही डिझेल घ्यायला सांगताय. एक्झॉस्टमधल्या या फिल्टरात काजळी साचते. ती जाळायला गाडी गरम होऊन सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात धावावी लागते. कापूरबावडीला सिग्नलवर इंजिन बंद केलं की जाळणं अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की जादा फवारलेलं डिझेल इंजिन ऑईलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते, लोक खूश होतात की ऑईल कमी होत नाही! दिवा लागूनही दुर्लक्ष केलं की सर्व्हिस सेंटरला सक्तीने जाळून घ्यावं लागतं.

शिवाय महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या गाडीला रोड टॅक्स पेट्रोलला १२ टक्के, डिझेलला १४.

खारघर डिझेल
आठवड्यातून एकदा सायन-पनवेल हायवेवर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएम धरून वीस मिनिटं चालवा, डीपीएफ विसरून जाल. डिझेलवाल्याने एवढं करायला हवं. ज्याला हायवेच लागत नाही त्याने सात सीटची गाडी कशाला घ्यावी?

पातलीपाडा
हे मात्र खरं बोललात. चुकून.

सेक्रेटरी ढोकाळी
क्लच आणि काजळी नंतर. गाडी लावणार कुठे? उंची १७०८ मिमी. स्टॅक पार्किंगच्या (एकावर एक गाड्या लावायच्या मशीनच्या) खांबावर प्लेट असते, ती कुणी वाचत नाही. सेडानच्या पॅलेटला (गाडी चढवायच्या लोखंडी पाटाला) उंची साधारण १५५० च्या आसपासच दिलेली असते. वरचा पॅलेट खाली येताना छताला टेकला की सेन्सर मशीन थांबवतो, तेही तो चालू असला तर. शार्क फिन अँटेना धरून मापा. रुंदी १८०० ही आरसे सोडून. आरसे उघडले की दोन मीटरच्या आसपास. पॅलेटच्या दोन्ही कडांना लोखंडी पट्टी असते, १७ इंची अलॉयची कड तिथेच खरवडते.

बुक करण्याआधी सोसायटीला लेखी विचारा. नंतर ‘ॲडजस्ट करा ना काका’ चालत नाही.

पामबीच
म्हणजे आता गाडी सोसायटीच्या लोखंडाकडे बघून घ्यायची? बिल्डरने माहितीपत्रकात ‘कार पार्किंग’ म्हणून विकलं होतं, ‘फक्त बुटकी कार’ असं कुठे लिहिलं होतं?

सेक्रेटरी ढोकाळी
करारनाम्याच्या जोडपत्रात लिहिलेलं असतं. ते वाचायला दोन मिनिटं लागतात, आमच्यावर ओरडायला तास.

ऐरोलीकर
काका बरोबर आहेत, पण अर्धेच. स्टिल्टमधल्या (इमारतीखालच्या खांबांमधल्या) आखलेल्या चौकोनांचं काय? कितीतरी ठिकाणी २.३ बाय ४.५ मीटरचे आखलेत. ४५५० ची गाडी ५ सेंटिमीटर बाहेर येणार. आणि २३०० मधून १८०० गेले, दोन्ही बाजूंना मिळून ५० सेंटिमीटर. गाडी मधोमध लावली तर पंचवीस-पंचवीस. बिजागरीच्या दारातून एवढ्या फटीत माणूस बाहेर येत नाही. बाजूला खांब असला तर विचारूच नका.

फॅमिली व्हॅनचं खरं उत्तर सरकतं दार आहे आणि ते याच कंपनीच्या कार्निव्हलला आहे. कॅरेन्सला नाही, क्लॅव्हिसलाही नाही.

घोडबंदरवाला
हेच मी वरपासून सांगतोय. पडदे दिले दोन, दारं तीच.

पामबीच
कार्निव्हल! साठ लाखांच्या आसपासची गाडी सुचवताय पंधरा-वीस लाखांच्या चर्चेत. सरकतं दारच हवं तर मारुतीची ईको घ्या, तिलाही आहे.

ऐरोलीकर
ईकोला परवडतं, तुमच्या क्लॅव्हिसला परवडत नाही, हे आम्ही म्हटलं नाही, तुम्हीच म्हटलंत.

सेक्रेटरी ढोकाळी
अजून एक. पिट पार्किंगमध्ये (जमिनीखालच्या खड्ड्यात) खालचा पॅलेट मिळाला असेल तर जून यायच्या आत पंप बघा. खड्ड्यातल्या पंपाचा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पंप सुरू करणारा) कचऱ्यात अडकतो, पंप सुरूच होत नाही आणि रात्रीतून पाणी सीटपर्यंत चढतं. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून फ्लोट उचलतो का ते दर महिन्याला बघायचं. आणि भिजलेली गाडी ‘बघू चालू होते का’ म्हणून स्टार्ट करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यासोबत इंजिन प्रोटेक्टची जोड घेतलेली नसेल तर विमा कंपनी हात वर करते. बॅटरीची निगेटिव्ह काढा, टो करून न्या.

पामबीच
आम्ही गाडीच्या फर्स्ट इम्प्रेशनवर बोलत होतो. आता पंपावर आलो. उद्या लिफ्टवर बोलू.

सेक्रेटरी ढोकाळी
पंप बंद पडला की पहिला फोन तुमच्यासारख्यांचाच येतो.

पातलीपाडा
पाण्यावरून आठवलं, सनरूफ. चार कोपऱ्यांत पाणी जायच्या नळ्या असतात. धूळ आणि झाडाचा पाला बसला की त्या तुंबतात, आणि पाणी पुढच्या खांबातून पायाखालच्या कार्पेटवर येतं. लोक म्हणतात छत गळतंय. पावसाळ्याआधी छत उघडा, कोपऱ्यातल्या पन्हाळीत कपभर पाणी सोडा, चाकाजवळ खाली ठिबकतं का बघा. तुंबली असेल तर कमी दाबाची हवा. तार घालू नका, आत नळी निसटली तर छताचं अस्तर उतरवावं लागतं.

पामबीच
चला, सनरूफचाही निकाल लागला. तिसरी रांग माकडहाड मोडते, पेट्रोलचा क्लच जळतो, डिझेल तुंबतं, छत गळतं, पार्किंगमध्ये मावत नाही. तरी टेस्ट ड्राईव्ह घेणार आहे. तिसरी रांग दोन तासांच्या वर प्रौढांसाठी नाही, एवढं मान्य. बाकी काही नाही.

घोडबंदरवाला
एवढंच मान्य करून घ्यायला वीसेक प्रतिसाद लागले. टर्बो मॅन्युअल चांगला पर्याय आहे, हे मीही मान्य करतो. क्लच निदान आपल्या पायाखाली राहतो. ‘बाप’ शब्द मागे घ्या, मग डिकीचं भांडणही सोडतो.

पामबीच
मोठा भाऊ चालेल?

ऐरोलीकर
टेस्ट ड्राईव्हला टेप घेऊन जा. आरसे उघडून मोजा, शोरूममध्ये मिटवून ठेवतात. आणि सोसायटीच्या खांबापासून आखलेल्या पट्टीपर्यंतचं माप आदल्या रात्रीच घ्या, सकाळी तिथे गाडी उभी असते.

गॅसवाला कळवा
माझी एर्टिगा ४३९५ आहे. ४.५ मध्ये बसते.

पामबीच
तुम्हाला कुणी विचारलं?