क्यूजीआयएसमधून हेक-एचएमएसला डेटा देताना बरोबर ७८ अंशावर भिंत उभी राहतेय, झोनचा घोळ आहे का?

बेंबळाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बेंबळा नदीचं पाणलोट क्षेत्र काढतोय, कारंजा-नांदगाव खंडेश्वरकडून ते बाभूळगाव तालुक्यातल्या धरणापर्यंत. सगळी तयारी क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं सॉफ्टवेअर) करायची आणि मग हेक-एचएमएसमध्ये पावसावरून पूर काढायचा असा बेत आहे. आता गंमत अशी की हे क्षेत्र ७८ अंश रेखांशाच्या दोन्ही बाजूला पसरलंय, म्हणजे बराचसा भाग यूटीएम झोन ४३ मध्ये (यूटीएमचे झोन म्हणजे सहा-सहा अंशांचे नकाशापट्टे) आणि धरण झोन ४४ मध्ये. ऑफिसात काही लेयर ४३ मधले मिळाले काही ४४ मधले, मी सगळे ४३ चे करून घेतले. तरी डीईएम (जमिनीच्या उंचीचा पिक्सेलवार नकाशा) एचएमएसमध्ये घालून सिंक (त्यातले खड्डे) भरले की ७८ अंशावर सरळ उभी रेघ येते आणि तिच्या पश्चिमेला सगळं सपाट, जणू कारंज्यापर्यंत तलावच झालाय. प्रवाहरेषा पण तिथे पट्टीने मारल्यासारख्या सरळ येतात. वर दोन लेयर तर नकाशावर दिसतच नाहीत. तीन दिवस गेले. शिवाय शेपफाईलमधली गावांची मराठी नावं एचएमएसमध्ये चौकोन चौकोन दिसतात ते वेगळंच.

डीईएमबद्दल सांगायचं राहिलं, पश्चिमेची टाईल कार्टोडेमची (इस्रोचा उंचीचा डेटा) आहे, आमच्याकडे आधीच होती. पूर्वेची उतरत नव्हती म्हणून तिकडे एसआरटीएम (नासाचा) घेतलं. दोन्ही ३० मीटरचेच आहेत.

नकाशेवाला

भाऊ, "४३ चे करून घेतले" म्हणजे नक्की काय केलं? लेयरवर राइट क्लिक करून सेट सीआरएस (निर्देशांक पद्धत) केलं असेल तर काहीच बदललं नाही, फक्त पाटी बदलली. आकडे तेच राहतात, क्यूजीआयएस ते आकडे ४३ चे समजून वाचतं आणि लेयर सहा अंश पश्चिमेला सरकतो. तुमचे न दिसणारे दोन लेयर शोधायचे असतील तर झूम टू लेयर करा, दमणच्या पुढे अरबी समुद्रात सापडतील 😄 विनोद नाही करत, माझ्या एमटेकच्या वेळी माझं अख्खं खोरं तिथे पोहत होतं.

ओळखायची सोपी खूण म्हणजे ईस्टिंग (पूर्वेकडचा निर्देशांक, मीटरमध्ये) बघा. बाभूळगावच्या आसपासचा बिंदू झोन ४३ मध्ये सव्वाआठ लाखांच्या घरात येतो, झोन ४४ मध्ये दोन लाखांच्या आसपास. दोन लाखवाला लेयर दिसला की त्याला आधी त्याची खरी पाटी लावा, ईपीएसजी ३२६४४ (झोन ४४ चा कोड), आणि मग रीप्रोजेक्ट करून, म्हणजे आकडे खरोखर बदलून, ३२६४३ (झोन ४३) मध्ये नवीन फाईल सेव्ह करा.

हद्द ओलांडली म्हणून घाबरू नका. पूर्ण क्षेत्र एकाच झोनमध्ये ठेवलं तरी कडेला क्षेत्रफळात शंभर चौ.किमी.मागे वीसेक हेक्टर जास्त येतील, त्यापेक्षा मोठी चूक तुमचा पर्जन्यमापक करतो. मला वाटतं ही भिंत पण झोनचीच आहे, सगळं एका झोनमध्ये आणा म्हणजे जाईल.

गाळमाती

पाटीचं बरोबर आहे पण भिंतीबद्दल नकाशेवाल्यांशी सहमत नाही. झोन चुकला तर जमीन डावी-उजवीकडे सरकेल, वर-खाली कशी होईल? ७८ अंशाला झोनची हद्द आहे तशीच टाईलचीही हद्द आहे, एसआरटीएमच्या टाईल एकेका अंशाच्या असतात, एन२०ई०७७ आणि एन२०ई०७८. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या म्हणून तुम्ही झोनला दोष देताय.

एक करा, रेघेच्या अलीकडे-पलीकडे शे-दोनशे मीटरवर पाचसहा ठिकाणी उंची वाचा. माझा अंदाज, पश्चिमेची बाजू सगळीकडे साठ-सत्तर मीटरने खाली असेल. एसआरटीएमची उंची ईजीएम९६ जिऑइडवरून, म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटीपासून. कार्टोडेमची डब्ल्यूजीएस८४ इलिप्सॉइडवरून, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारावरून. आपल्याकडे जिऑइड हा इलिप्सॉइडच्या बराच खाली आहे म्हणून त्याच जमिनीचा इलिप्सॉइडवरचा आकडा लहान येतो. तुमच्या बाबतीत नदीची वरची बाजू खड्ड्यात गेली आणि खालची बाजू धरणाच्या भिंतीसारखी उभी राहिली, मग सिंक भरणाऱ्या टूलने बिचाऱ्याने भिंतीच्या माथ्यापर्यंत पाणी भरलं, त्याची काही चूक नाही. उलट मिश्रण केलं असतं तर धबधबा झाला असता आणि कदाचित तुमच्या लक्षातही आलं नसतं.

जिऑइडचा ग्रिड घेऊन उंची बदलता येते, इलिप्सॉइड उंचीतून जिऑइडचं अंतर वजा करायचं (ते इथे ऋण आहे म्हणून शेवटी बेरीजच होते). पण कशाला एवढा खटाटोप, पश्चिमेची पण एसआरटीएमच घ्या. टिफ फाईलमध्ये उंची कुठून मोजली हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं, टाईलसोबतची मेटाडेटा फाईल उघडून वाचा, कुणी वाचत नाही ती.

नकाशेवाला

हो राव, मान्य. उंचीचा विचारच केला नाही.

चिकणमाती_ताई

थोडं पुढचं सांगते कारण यात पुढे अजून दोनदा पडणार आहात 🙂

रीप्रोजेक्ट करताना डीईएमला बायलिनियर (शेजारच्या पिक्सेलांची सरासरी) वापरा, निअरेस्ट नेबर (सगळ्यात जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा) घेतलं तर बारीक पायऱ्या पडतात आणि नाले त्या पायऱ्यांवरून चालतात. पण जमीन वापराच्या रास्टरला (पिक्सेलवार नकाशाला) चुकूनही बायलिनियर नको, तिथे निअरेस्टच. आमच्या एका विद्यार्थ्याच्या नकाशात २ म्हणजे शेती, ६ म्हणजे पाणी आणि ४ म्हणजे जंगल होतं. त्याने सरासरी काढणारी पद्धत लावली आणि प्रत्येक शेततळ्याभोवती जंगलाची झालर उगवली. यवतमाळात एवढं जंगल असतं तर काय हवं होतं!

नावांचं: शेपफाईलची माहिती डीबीएफमध्ये असते आणि तो प्रकार जुना आहे. कॉलमच्या नावाला दहाच बाइट, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे कॉलमच्या नावात तीन चिन्हं मावली तर मावली. मूळ डेटा जिओपॅकेजमध्ये (नवीन फाईल प्रकार) ठेवा. मॉडेलला देताना शेपफाईल काढा पण त्यात फक्त साधा इंग्रजी कोड, एसबी०१, एसबी०२ असा. मराठी नावं त्या कोडसमोर वेगळ्या तक्त्यात. एचएमएसचे निकाल परत नकाशावर आणताना याच कोडवर जॉइन करायचं. कोडमध्ये अक्षर मुद्दाम ठेवा, नुसते आकडे असले की एका बाजूला टेक्स्ट आणि दुसऱ्या बाजूला इंटिजर होतं आणि जॉइन रिकामा येतो, एरर पण देत नाही.

दुसरं, कर्व्ह नंबर (सीएन), म्हणजे पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते ठरवणारा आकडा. रास्टरवरून सरासरी सीएन काढून एचएमएसमध्ये टाकला आणि सुरुवातीच्या शोषणाचा रकाना रिकामा सोडला तर ते गुपचूप ०.२एस धरतं (एस म्हणजे जमीन जास्तीत जास्त किती पाणी जिरवू शकते ते). आपल्याकडच्या काळ्या मातीला, जमीन आधीच ओली असेल तेव्हा, ०.१एस वापरायची पद्धत आहे. सीएन ८५ असेल तर एस साधारण ४५ मिमी, म्हणजे ९ मिमी जिरवायचं की साडेचार एवढा फरक. लहान पावसाला तो बराच जाणवतो.

गाळमाती

ताईंच्या यादीत माझी एक भर. हवामान खात्याचा रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. १५ जुलैचा आकडा म्हणजे १४ च्या साडेआठपासून १५ च्या साडेआठपर्यंतचा. तो १५ तारखेच्या मध्यरात्रीपासून पुढे पसरवला तर पाऊस उशिरा पडतो आणि धरणात पूर आधीच आलेला दिसतो. मग लोक लॅग टाइमशी (पाऊस आणि पूर यांतलं वेळेचं अंतर) झटापट करत बसतात.

बेंबळाकाठ

गाळमाती सर, उंच्या वाचल्या. सहाही ठिकाणी फरक साठच्या वर, पश्चिम खाली! पश्चिमेची पण एसआरटीएम घेतली, दोन्ही टाईल आधी जोडल्या आणि मग एकदम ३२६४३ मध्ये बायलिनियरने आणल्या. तलाव गेला. आणि हो, दोन लेयर समुद्रातच सापडले 🙈

आता एकच राहिलं. जुन्या टोपोशीटवरून मी नाले डिजिटाइझ केले होते, ते डीईएममध्ये खोदून घेतले (त्या रेषांवर उंची कमी केली) तर प्रत्येक नाला दोनदा दिसतोय, एक खरा आणि त्याच्या शेजारी पाचसहा पिक्सेलवर दुसरा.

नकाशेवाला

आता मात्र ही माझ्याच विषयातली चूक आहे 😄 जुनं टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजायचा जुना आधार) असतं, तुम्ही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस८४ समजून टाकले. आपल्या भागात त्याने दीडशे-दोनशे मीटरचा सरक येतो, ३० मीटरच्या डीईएमवर बरोबर तुमचे पाचसहा पिक्सेल. जिओरेफरन्स करताना (स्कॅन केलेलं शीट जागेवर बसवताना) सीआरएस कल्याणपूर १९७५ द्या आणि नंतर रूपांतर करा. क्यूजीआयएस दोनतीन रूपांतरं सुचवेल, ज्यात रेल्वे फाटक किंवा जुना पूल सॅटेलाइट चित्रावर नीट बसेल ते घ्या. तोवर खोदलेलं डीईएम फेकून द्या, मूळ ठेवलंय ना?

बेंबळाकाठ

मूळ आहे. फाटकं शोधतो.