इंग्लंडमध्ये राहताना मुलं आणि सासू-सासऱ्यांना घेऊन कुठे कुठे फिरावं?

पाऊसपाणी:
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे आम्ही गेल्या ऑटमपासून लंडनजवळच्या रेडिंगला राहतोय. मुलगा इयर फोरमध्ये, धाकटी रिसेप्शनला, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्या वर्गात. हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधार पडायचा म्हणून शनिवार-रविवार ट्रेन पकडून लंडनचं पॅडिंग्टन स्टेशन गाठायचं आणि म्युझियम्स बघायची असं चाललं होतं, नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियम दोन्ही फुकट आणि एकमेकांना लागूनच, त्यामुळे पोरं खूष. ग्रिनिचला रेखावृत्ताच्या पट्टीवर लेकाला एक पाय पूर्वेला आणि एक पश्चिमेला टाकून उभं राहायचं होतं तेही झालं. टॉवर ब्रिज झाला, राजवाडा बाहेरून झाला.

आता जूनमध्ये सासू-सासरे येतायत, ऑगस्टअखेरपर्यंत असतील. सासरे इतिहासाचे शिक्षक होते, आता रिटायर झालेत, फोनवर रोज विचारतात की काय काय बघायचंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सपाटीला हळूहळू चालतात पण चढ आणि जिने नको वाटतात त्यांना. लेकाला ट्रेन आणि डायनोसॉर सोडून काही सुचत नाही. धाकटी दोन तासांत दमते. आमच्याकडे गाडी नाहीये आणि घ्यायचा विचारही नाही. इतकी वर्षं त्यांनी परदेश फक्त आमच्या फोटोत बघितलाय त्यामुळे मला फार मनापासून वाटतंय की या उन्हाळ्यात सहाही जणांना आपापलं असं काहीतरी सापडावं, नुसती बिग बेनसमोर रांग लावून फोटो काढून परत असं नको. ट्रेनने काय काय जमेल? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा प्लीज.

रूळावरून:
रेडिंग म्हणजे फारच मोक्याची जागा आहे, इथून चारी दिशांना गाड्या जातात, गाडी नसल्याचं अजिबात वाईट वाटून घेऊ नका. पहिलं काम म्हणजे फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढा. मोठ्यांच्या तिकिटावर एक तृतीयांश सूट आणि ५ ते १५ वयाच्या मुलांच्या तिकिटावर ६० टक्के, एका कार्डावर चार मोठे आणि चार मुलं जाऊ शकतात म्हणजे तुमचं अख्खं घर त्यात बसतंय. फक्त बरोबर निदान एक तिकीटवालं मूल पाहिजे. ५ वर्षांखालच्यांना तिकीटच नाही. आणि लंडनच्या आसपास वीकडेला सकाळच्या गर्दीच्या वेळेत हे कार्ड चालत नाही ते लक्षात ठेवा. मुलं शाळेत असताना सासू-सासऱ्यांनी दोघांनीच जायचं ठरवलं तर त्यांच्यासाठी टू टुगेदर रेलकार्ड वेगळं मिळतं, ते वीकडेला साडेनऊनंतर चालतं.

लेकासाठी सगळ्यात आधी डिडकॉट. रेडिंगहून पाव तासावर, आणि स्टेशनला लागूनच रेल्वे सेंटर आहे, जुनी वाफेची इंजिनं. ज्या दिवशी इंजिन खरोखर पेटवलेलं असतं तो दिवस वेबसाइटवर बघून जा, नुसती उभी इंजिनं आणि धूर सोडणारं इंजिन यात मुलांसाठी जमीनअस्मानाचा फरक आहे. तुमची लाइन ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरने बांधलेली, त्याने रूळांमधलं अंतर सात फुटांपेक्षा किंचित जास्त ठेवलं होतं आणि १८९२ मध्ये शेवटचा ब्रॉड गेज रूळ काढून टाकला. डिडकॉटला तसा रुंद रूळ परत घालून ठेवलाय, लेकाला त्यात उभा करा म्हणजे कळेल केवढा तो. आणि पॅडिंग्टनला जाताना मेडनहेडला थेम्सवरून जो विटांचा पूल ओलांडता तोही ब्रुनेलचाच, खिडकीतून काही दिसत नाही पण स्टेशनला उतरून नदीकाठाने चालत गेलात तर त्या दोन पसरट कमानी बघून थक्क व्हायला होतं.

बाथ तर आहेच, रेडिंगहून थेट गाडी, तासाभरात पोचता. रोमन बाथ्सचं पाणी ४६ अंशांचं, जमिनीतून असंच वर येतं, हात मात्र घालायचा नाही. मुलांना तिथल्या शिशाच्या पत्र्यांवरच्या तक्रारी दाखवा, रोमन काळात आंघोळीला गेलेल्या लोकांचे कपडे चोरीला जायचे आणि ते देवीला लिहून द्यायचे की चोराला शिक्षा कर. माझी लेक घरी येऊन आठवडाभर तसेच पत्रे लिहीत होती.

स्टोनहेंजसाठी बेझिंगस्टोकला गाडी बदलून सॉल्सबरी, स्टेशनाबाहेरूनच स्टोनहेंजची बस सुटते. तिथे तुम्ही दगडांच्या भोवतीने फिरता, आत जाता येत नाही. मोठा सार्सन दगड एकेक सरासरी २५ टनांचा, आणि आतले छोटे निळसर दगड पार वेल्समधल्या टेकड्यांवरून आणलेले, दोनशेहून जास्त किलोमीटरवरून, चाकाची गाडी नसताना! सासऱ्यांना हे आवडेलच. पण परत येताना सॉल्सबरीचं कॅथीड्रल अजिबात चुकवू नका, १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजावर बंधनं घालणाऱ्या सनदेच्या, ज्या चार मूळ प्रती उरल्यात त्यातली एक तिथे आहे, आत सगळं सपाट आहे, बसायला जागा आहे. खरं सांगायचं तर मला स्टोनहेंजपेक्षा ते कॅथीड्रल जास्त लक्षात राहिलंय. मुलांना दगडांना हात लावायचा असेल तर एव्हबरीला जा, स्विंडनहून बस आहे, तिथल्या वर्तुळाच्या आत अख्खं गाव वसलंय आणि दगडांना टेकून डबा खाता येतो.

जुनी_पानं:
सासरे इतिहासाचे शिक्षक आहेत हे वाचून लिहायला बसलो. पाऊसपाणी, तुम्ही पॅडिंग्टनला इतक्या वेळा उतरलात, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर हाउली प्लेसला १० नंबरच्या घरावर लोकमान्य टिळकांच्या नावाची निळी पाटी आहे. चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या खटल्यासाठी लोकमान्य १९१८-१९ मध्ये लंडनला होते तेव्हा तिथे राहायचे. घर खाजगी आहे, बाहेरूनच बघायचं, पण आपल्याकडच्या माणसाला त्या शांत गल्लीत उभं राहून काय वाटतं ते मी लिहून सांगू शकत नाही.

तिथून दोन पावलांवर लिटल व्हेनिस, म्हणजे कालव्यांचा संगम. आता यात गंमत अशी की सीझनमध्ये तिथून कॅमडेन लॉकला कालव्यातून बोट जाते, रीजंट्स पार्कच्या कडेने, प्राणिसंग्रहालयाच्या मधून. सासूबाईंना चालायला नको, धाकटीला बोट मिळाली. कॅमडेनला उतरून बसने किंवा रमतगमत प्रिमरोझ हिलच्या बाजूला या, किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकत असताना जिथे राहिले ते. ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं, त्यामुळे हे आतून बघता येतं. जायच्या आधी उघडं आहे का ते बघून घ्या. टिळकांच्या घरापासून बाबासाहेबांच्या घरापर्यंत बोटीने, असा दिवस लंडनमध्ये दुसरा नाही असं माझं ठाम मत आहे. संध्याकाळी अंगात जोर उरला तर प्रिमरोझ हिलवरून सगळं लंडन दिसतं, सासूबाईंना खालच्या बाकावर बसवा.

हायगेटला ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर पूर्वीचं इंडिया हाउस, भारतीय विद्यार्थ्यांसाठी श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये सुरू केलेलं, सावरकर तिथे राहिले म्हणून त्यांच्या नावाची पाटी आहे. तोही राहता बंगला, बाहेरूनच बघायचा. तो भाग चढाचा आहे त्यामुळे सासऱ्यांनी आणि नवऱ्याने दोघांनीच जावं.

आणखी एक जागा, ब्रायटन. सगळे समुद्रासाठी जातात पण रॉयल पॅव्हिलियनमध्ये पहिल्या महायुद्धात १९१४ च्या डिसेंबरपासून भारतीय जखमी सैनिकांचं हॉस्पिटल होतं. बाहेरून घुमट-मिनार असलेला तो राजवाडा, आत झुंबरांखाली खाटांच्या रांगा. सैनिकांच्या धर्म आणि जातीप्रमाणे वेगवेगळी स्वयंपाकघरं होती. तिथे एक दालन या हॉस्पिटलबद्दल आहे. जे हिंदू आणि शीख जवान तिथे वारले त्यांचं दहन गावाबाहेरच्या टेकडीवर झालं, त्या जागी १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री उभारली, आजही आहे. तिथवर गाडीरस्ता नाही, गवतातून चांगलंच चढून जावं लागतं त्यामुळे सासूबाईंना झेपणार नाही, पण त्यांना पॅव्हिलियनच्या बागेत बसवून दोघं-तिघं जाऊन या. इथे कुणी येत नाही याचं मला फार वाईट वाटतं. रेडिंगहून गॅटविकला बदलून ब्रायटन.

पाऊसपाणी:
जुनी_पानं, हे वाचून अंगावर काटा आला. पॅडिंग्टनच्या इतक्या जवळ आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सासऱ्यांना आत्ताच व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्यांचा लगेच फोन आला, चिरोलबद्दल अर्धा तास बोलले. रूळावरून, रेलकार्ड आजच काढते. आता डायनोसॉर राहिले आणि समुद्र.

शिंपलेवाली:
डायनोसॉरसाठी लाइम रीजिस आणि चारमथ!! जुरासिक कोस्ट, वर्ल्ड हेरिटेज आहे. तुम्हाला बेझिंगस्टोकहून ॲक्समिन्स्टरपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. एका दिवसात जाऊन यायला दमछाक होईल, एक रात्र तरी मुक्काम करा. चारमथच्या किनाऱ्यावर वाळूत आणि गोट्यांमध्ये ॲमोनाइट या शंखासारख्या समुद्री प्राण्याचे जीवाश्म खरोखर सापडतात, हातोडी-बितोडी काही लागत नाही, मुलं खाली मान घालून तासन्‌तास शोधत बसतात आणि सुटे पडलेले छोटे घरीही नेता येतात. आधी तिथल्या हेरिटेज सेंटरमध्ये जा, ते काय शोधायचं ते नीट दाखवतात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय जायचं नाही, ओहोटी लागलेली असतानाच जायचं, आणि कड्याच्या खाली अजिबात उभं राहायचं नाही, दरडी कोसळतात. हे मी अगदी कळकळीने सांगतेय कारण लोक लहान मुलांना घेऊन बिनधास्त कड्याला टेकून बसलेले बघितलेत.

लेकाला मेरी ॲनिंगची गोष्ट आधी सांगून ठेवा. लाइम रीजिसच्या गरीब सुताराची मुलगी, बारा वर्षांच्या आसपासची असताना तिने आणि भावाने इक्थिओसॉर शोधला, मग १८२३ मध्ये अख्खा प्लेसिओसॉर, दोन्ही डायनोसॉरच्या काळातले समुद्री सरपटणारे प्राणी. एवढं करूनही बाई म्हणून तिला जिऑलॉजिकल सोसायटीचं सभासद होता आलं नाही. आता २०२२ मध्ये तिथे तिचा पुतळा उभा राहिलाय, शेजारी तिचा कुत्रा. धाकटीसोबत फोटो काढा तिथे, मुलींनी हे बघायला हवं.

बाकी अनुभवाचे बोल. जून-जुलैत शाळा चालू असते, बहुतेक शाळा जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास सुटतात, सासू-सासरे आलेत म्हणून मुलांना शाळा बुडवून नेऊ नका, सलग आठवडाभर विनापरवानगी रजा झाली की प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंडांचा दंड येऊ शकतो. त्यापेक्षा जूनमध्ये शाळेनंतर निघा, रात्री नऊच्या पुढेही उजेड असतो, थेम्सकाठी डबा घेऊन बसलं तरी सासूबाईंना नवल वाटेल. एका दिवसात एकच जागा हा नियम मी कधीच मोडत नाही. दुपारपर्यंत मुलं आणि म्हातारी माणसं एकाच वेळी दमतात आणि मग सगळ्यांचाच मूड जातो. बऱ्याच मोठ्या म्युझियममध्ये आणि राजवाड्यांमध्ये व्हीलचेअर मागितली की मिळते, आधी फोन करून ठेवायचा. सासूबाई नको म्हणतील, आमच्याही म्हणाल्या होत्या, पण पुढे सगळं बघून झाल्यावर त्याच म्हणाल्या की बरं झालं घेतली.

खाण्याचं म्हणाल तर दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, आणि थर्मासमध्ये चहा. बाहेर शाकाहारी मिळतं हल्ली सगळीकडे पण गार सँडविच खाऊन वडीलधाऱ्यांचं पोट भरत नाही. छत्रीपेक्षा टोपीवाले रेनकोट घ्या, समुद्रावरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते. आणि सासू-सासऱ्यांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स भारतातूनच करून आणायला सांगा, गुडघ्याचं जुनं दुखणं त्यात नीट लिहून.

डोंगरभाऊ:
सगळ्यांनी छान लिहिलंय पण डोंगर कुणीच लिहिले नाहीत म्हणून मी लिहितो. लेक डिस्ट्रिक्टला, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगर-तळ्यांच्या भागात, गेल्याशिवाय इंग्लंड बघितलं असं म्हणू नका. सगळ्यात उंच शिखर स्काफेल पाइक ९७८ मीटर, आपलं कळसूबाई १६४६, त्यामुळे उंचीचा विचार करून गेलात तर काहीच नाही वाटणार, पण तळ्यात उतरलेले ते हिरवे डोंगर आणि दगडी कुंपणं यांचं सौंदर्य वेगळंच आहे. लंडन यूस्टनहून ऑक्सनहोम आणि तिथून छोटी गाडी थेट विंडरमिअर स्टेशनला. पुढे उघड्या टपाच्या बसेस असतात, वरच्या मजल्यावर पुढची सीट मुलांना द्या. सासूबाईंना जिने नकोत तर त्या खाली बसतील, खालूनही छान दिसतं. विंडरमिअर तळ्याकाठच्या बोनेसहून ॲम्बलसाइडला बोटीने जा, तळ्याकाठी सपाट रस्ते आहेत. तुम्ही दोघं एखादी सकाळ आजी-आजोबांकडे मुलं सोपवून छोटा ट्रेक करा, इथे शेतांमधून जाणाऱ्या पाऊलवाटांवर चालायचा सगळ्यांना हक्क आहे, फाटक उघडायचं, पलीकडे जायचं, आणि आठवणीने परत लावायचं, मेंढ्या असतात.

पावसाची तयारी पाहिजेच, इंग्लंडमधलं सर्वात जास्त पावसाचं वस्तीचं गाव इथलंच, सीथवेट. पण आपल्याला पावसातले डोंगर नवीन आहेत का?

पाऊसपाणी:
डोंगरभाऊ, मुक्काम विंडरमिअर गावात करावा की बोनेसला? सासूबाईंच्या दृष्टीने विचारतेय. आणि ऑगस्टमध्ये की जुलैमध्ये?

डोंगरभाऊ:
बोनेस, पण अगदी तळ्याजवळच बघा, कारण स्टेशनकडून तळ्याकडे सगळा उतार आहे आणि परत येताना तोच चढ. बस असते पण रोज दोनदा नको वाटेल. बुकिंग करताना तळमजल्यावरची खोली मागून घ्या, जुन्या गेस्ट हाउसना बहुधा लिफ्ट नसते. महिन्याचं म्हणाल तर जुलैमध्ये शाळा सुटल्या सुटल्या सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात जा, आणि शक्यतो सोमवार ते गुरुवार. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे असतो तो वीकएंड पूर्ण टाळा, पाय ठेवायला जागा नसते. तिकिटं साधारण दोन-तीन महिने आधी विक्रीला येतात, लवकर घेतलीत तर बरीच स्वस्त पडतात, त्यामुळे तारखा ठरवून टाका.