विमानवाहू नौकेवर हॉर्नेट उतरवताना शेवटच्या 15 सेकंदांत नेमके काय चुकते?

डोंबिवलीकर

नमस्कार. गेल्या गणपतीच्या सुट्टीत मी डीसीएस वर्ल्ड या संगणकावरच्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये एफ/ए-18सी हॉर्नेट हे विमान घेतले आणि तेव्हापासून रात्रीची जेवणे उरकल्यावर, साडेदहा ते साडेअकरा असा रोज एक तास त्याला देत आलो आहे. त्याआधी चार-पाच वर्षे प्रवासी विमानांच्या सिम्युलेटरवर हात बसलेला होता, त्यामुळे थंड पडलेली इंजिने सुरू करणे, आयएनएस या दिशादर्शक यंत्रणेची जुळणी, दोन्ही डीडीआय, म्हणजे माहिती दाखवणाऱ्या पडद्यांवरची पाने आणि त्यांच्याभोवतीची वीस-वीस बटणे एवढे सारे दीड महिन्यात अंगवळणी पडले. त्यातला बराचसा अभ्यास सकाळच्या जलद लोकलमध्ये उभ्या उभ्या, मोबाइलवर माहितीपुस्तिका वाचून झाला आहे.

अडले आहे ते परत येण्यापाशी. वहीत नोंद ठेवतो म्हणून आकडा सांगता येतो: स्टेनिस या अमेरिकी विमानवाहू नौकेवर आजवर 43 वेळा उतरण्याचा प्रयत्न केला आणि त्यांपैकी चार वेळा विमानाच्या शेपटीखालच्या हुकाला डेकवरची अडवणारी तार सापडली. उरलेल्या प्रयत्नांत एक तर चाके टेकतात पण हुक चारही तारांवरून पुढे निघून जातो, किंवा मी डेकच्या मागच्या कडेवर आदळतो. शिवाय शेवटच्या वळणातून सरळ झाल्यावर मध्यरेषेवर असलेले विमान डेक जवळ येईपर्यंत, माझ्या नकळत, डावीकडे गेलेले असते. एकदा वैतागून नौका जागच्या जागी उभी करून पाहिली. तेव्हा डावीकडे जाणे थांबले खरे, पण डेक इतक्या वेगाने अंगावर धावून आला की दुरुस्तीला वेळच उरला नाही.

माझा दुसरा प्रश्न खरेदीचा आहे. ऑफिसातील एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की हॉर्नेटचा संगणकच विमान उडवतो, म्हणून एफ-14 टॉमकॅट घ्यावे, ते जुने विमान हात तयार करते. हॉर्नेट अर्धवट सोडून तिकडे वळावे का?

लहानपणी नौदल सप्ताहात वडिलांनी संग्रहालय झालेली विक्रांत दाखवायला नेले होते, तेव्हा तिच्या डेकवर उभे राहून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहताना ‘एवढ्याशा जागेत?’ असे वाटल्याचे अजून आठवते. स्टेनिस 330 मीटरच्या वर लांब आहे, म्हणजे जुन्या विक्रांतहून शंभर मीटरहून अधिक मोठी, आणि तरीही माझी ही गत आहे.

ठाण्याचा वैमानिक (खुर्चीतला)

आपल्या तिन्ही तक्रारींपैकी डावीकडे जाण्याचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी सांगतो. उतरण्याची पट्टी नौकेच्या कण्याशी समांतर नसते, ती साधारण 9 अंशांनी डावीकडे वळवलेली असते. नौका मात्र आपल्या कण्याच्या दिशेने पुढे जात असते, त्यामुळे मागून येणाऱ्या वैमानिकाच्या नजरेने पट्टी सतत उजवीकडे सरकते. नौकेचा वेग 25 नॉट धरला तर हे सरकणे सेकंदाला सुमारे 2 मीटर भरते, म्हणजे आपण जे 15 सेकंद म्हणता त्यात 30 मीटर! आपण विमानाचा वेग-निर्देशक, म्हणजे हडवरचे (डोळ्यांसमोरच्या पारदर्शक काचेवरचे) पंख असलेले, विमान प्रत्यक्षात कुठे चालले आहे ते दाखवणारे ते छोटे वर्तुळ, जिथे उतरायचे तिथे नेमून ठेवत असाल. ते तिथे न ठेवता तिरकी पट्टी आणि पुढचा सरळ डेक यांच्या बेचक्यात ठेवा आणि उजवीकडे अगदी लहान-लहान दुरुस्त्या करत राहा. नौका थांबवू नका. ती वाऱ्याच्या तोंडावर चालते म्हणूनच आपला डेकच्या तुलनेतला वेग पंचवीस-तीस नॉटने कमी होतो, आणि ती उभी केली की आपण ही सवलत परत करून टाकता.

आता हुक तारांवरून पुढे का जातो ते पाहू. प्रवासी विमानांवर हात बसलेला आहे, असे आपणच लिहिले आहे, तेव्हा माझी पैज आहे की डेक दिसताच आपण नाक किंचित उचलता. विमानतळावर तो शिष्टाचार असेल, इथे तो दोष आहे. हॉर्नेट सेकंदाला दहा फुटांहून अधिक वेगाने खाली येत असतानाच डेकवर आपटायचे असते, आणि त्याचे पाय त्यासाठीच तसे दणकट आहेत. चाके टेकताक्षणी थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलायचा, कारण तार सापडली की नाही हे कळेपर्यंत पट्टी संपलेली असते.

पण मुळातला रोग वेगळा असावा, असे आपल्या दोन परस्परविरुद्ध चुकांवरून वाटते. कधी पुढे जाणे आणि कधी मागच्या कडेवर आदळणे, हे दोन्ही तेव्हाच घडते जेव्हा माणूस उंची दांडीने सावरू पाहतो. हॉर्नेटची चाके खाली आणि फ्लॅप पूर्ण असताना ट्रिमचे (दांडी न धरता नाक एका जागी ठेवण्याचे) बटण वेग ठरवत नाही, अँगल ऑफ अटॅक, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन, ठरवते, तो 8.1 अंशांवर आणून ठेवला की संगणक तो धरून ठेवतो. हडवरच्या त्या ‘ई’च्या आकाराच्या कंसाचा मधला दात वेग-निर्देशकासमोर आला की झाले. त्यानंतर वर-खाली होण्याचे काम फक्त थ्रॉटलने करायचे, दांडी केवळ डावी-उजवीकडे कलण्यापुरती.

यासाठी नौका लागतच नाही. काळ्या समुद्रावर 1200 फुटांवर चाके आणि फ्लॅप खाली सोडून, ट्रिम लावून, केवळ थ्रॉटलने उंची धरून पाच मिनिटे सरळ उडा. मग 30 अंश कलून वळत तीच उंची धरा. मग जॉर्जियातल्या कोबुलेटी विमानतळाच्या धावपट्टीला डेक समजून 600 फुटांवरून फेरी मारा. पहिले दोन दिवस अतिशय कंटाळवाणे जातील. थ्रॉटलची दुरुस्ती नेहमी तीन टप्प्यांत होते, हेही तिथेच कळेल: वाढवायचा, वाढवल्याहून थोडा कमी करायचा आणि मग मधल्या जागी स्थिर करायचा. नवशिका पहिल्या टप्प्यावर थांबतो, म्हणून गोळा (आपण उतरणीच्या मार्गाच्या वर आहोत की खाली, ते दाखवणारा नौकेवरच्या भिंगातला दिवा) खाली गेला की वर उसळतो आणि वर गेला की कोसळतो.

गिरगावकरीण

वरील प्रतिसादाशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे, परंतु टॉमकॅटविषयी कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते. मी टॉमकॅटवरच शिकले, हॉर्नेटकडे नंतर आले, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही; तरीही आपण आत्ता तिकडे जाऊ नये, असेच माझे मत आहे. सहकाऱ्यांचे ‘संगणकच उडवतो’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. हॉर्नेटचा संगणक नाक धरून ठेवतो, पण उतरणीचा मार्ग धरून ठेवत नाही, तो आपणच धरायचा असतो. टॉमकॅटमध्ये मात्र दोन्ही आपल्याकडे येतात. 20 अंशांपासून 68 अंशांपर्यंत मागे वळणारे पंख, कलताना उलट दिशेला सरकणारे आणि पायाच्या पेडलने सावरावे लागणारे नाक, तसेच थ्रॉटल न हलवता किंचित वर-खाली होण्यासाठी दांडीवरचे अंगठ्याचे चाक, एवढे सारे एकदम हाताळावे लागते. त्यातही जुन्या टीएफ30 इंजिनांचे मॉडेल घेतलेत, तर थ्रॉटल बेफिकिरीने खेचल्यावर इंजिन कसे घुसमटते, तेही पाहायला मिळेल. ज्याला एका चुकीचे मूळ शोधायचे आहे त्याने आणखी पाच चुकांचे विमान घेऊ नये. शिवाय आपल्याला आधुनिक विमान शिकायचे असेल, तर टॉमकॅटचे पहिले उड्डाण डिसेंबर 1970 मधले आहे आणि अमेरिकी नौदलाने ते 2006 मध्ये निवृत्त केले, हेही ध्यानात असू द्यावे. घाई नको, खरेदीवरच्या सवलती दिवाळीतही येतात.

एक गोष्ट मात्र मी वेगळी सांगेन. उजेडातली फेरी सुरू होते ती नौकेच्या मागून 800 फुटांवरून येऊन, नौका ओलांडून डावीकडे वळण्यापासून. आणि माझ्या अनुभवात शेवटच्या 15 सेकंदांची बहुतेक पापे त्या पहिल्या वळणात केलेली असतात. त्या वळणानंतर नौकेला समांतर, पण तिच्या उलट दिशेने जाताना आपण नौकेपासून सव्वा मैलाच्या आसपास नसाल, तर शेवटचे वळण एक तर कोंबावे लागते किंवा ताणावे लागते, आणि मग सरळ होताच चार गोष्टी एकदम दुरुस्त कराव्या लागतात. वहीत केवळ तार सापडली की नाही एवढे न लिहिता, समांतर असतानाचे अंतर आणि उंचीही लिहून ठेवा.

निवृत्त नौसैनिक, कुलाबा

मी वैमानिक नव्हतो, विराटवर सी हॅरियरच्या देखभालीत होतो, त्यामुळे माझे बोलणे डेकवरून पाहणाऱ्याचे समजावे. आमच्याकडे तारांचा प्रश्नच नव्हता. हॅरियर नौकेच्या डाव्या बाजूला येऊन हवेत थांबायचे, आडवे सरकून डेकवर यायचे आणि मग खाली बसायचे. आधी थांबा आणि मग उतरा, असा तो सारा मामला. आपल्या हॉर्नेटचे नेमके उलटे आहे.

कोबुलेटीच्या धावपट्टीवर सराव करण्यात कमीपणा वाटून घेऊ नका, एवढ्यासाठी लिहितो आहे. गोव्यात आयएनएस हंसावर किनाऱ्यावरच स्की-जंप, म्हणजे टोकाशी वर उचललेला चढ, आणि अडवणाऱ्या तारा उभारलेल्या आहेत, आणि नौदलाचे खरेखुरे वैमानिक नौकेवर जाण्याआधी तिथे घाम गाळतात. आपल्या विक्रमादित्यवर आणि 2022 मध्ये दाखल झालेल्या नव्या विक्रांतवर कॅटपल्ट, म्हणजे विमान पुढे फेकणारे यंत्र, नाही. चाकांपुढचे अडथळे खाली जाईपर्यंत विमान पूर्ण आफ्टरबर्नरवर उभे राहते आणि मग पुढच्या चढावरून हवेत फेकले जाते. तो अनुभव आपल्या सिम्युलेटरमध्ये घ्यायचा असेल, तर कुझनेत्सोव्ह या रशियन नौकेवरून सुखोई-33 उडवून पाहा. कॉकपिटमधली बटणे त्यात दाबता येत नाहीत, पण चढावरून सुटतानाचा पोटातला खड्डा ओळखीचा वाटेल. एप्रिल 2025 मध्ये ज्या 26 राफेलचा करार झाला, त्यांतली 22 एकआसनी राफेल-मरीनही आपल्याकडे अशाच चढावरून उडणार आहेत.

आणि समुद्र खवळलेला ठेवलात, तर डेककडे पाहू नका, दिव्याकडे पाहा. डेक वर-खाली होतो, पण ती भिंगाची यंत्रणा ते हेलकावे हिशेबात घेऊन गोळा स्थिर ठेवण्याचा प्रयत्न करते. ज्याची नजर डेकवर गेली, त्याचा हात डेकच्या हेलकाव्यांमागे धावतो.

लॅमिंग्टन रोडवाला

थोडे अवजारांविषयी. मान वळवण्याची सोय नसेल, तर समांतर जाताना नौका खांद्यामागे कुठे आहे, ते कळणे फार कठीण. महागडे उपकरण घेऊ नका. टोपीवर तीन इन्फ्रारेड एलईडी, जुना वेबकॅम आणि ओपनट्रॅक हे फुकट सॉफ्टवेअर एवढ्यावर माझे काम तीन वर्षे चालले आहे. वेबकॅममधील इन्फ्रारेड अडवणारी काच काढून तिच्या जागी धुतलेल्या रंगीत फिल्मचा काळा तुकडा लावायचा असतो. मी तो घरातल्या बारशाच्या निगेटिव्हच्या टोकाचा कापला, म्हणून आजही बोलणी खातो. दुसरे असे की आपला थ्रॉटल साध्या पोटेन्शियोमीटरचा असेल, तर इथल्या दमट, खाऱ्या हवेत त्याचे वाचन उड्या मारू लागते. माझा पहिला थ्रॉटल दुसऱ्या पावसाळ्यात असाच गेला, आणि मी महिनाभर आपलाच हात कच्चा आहे असे समजून चाललो होतो. सेटिंगमध्ये जाऊन थ्रॉटल न हलवता त्याची रेघ थरथरते का, ते आधी पाहा.

डोंबिवलीकर

सर्वांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहितो आहे, कारण काही करून दाखवल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते. थ्रॉटलची रेघ पाहिली. थरथरत नव्हती, त्यामुळे तेही निमित्त गेले. पहिले पाच दिवस नौकेकडे फिरकलोच नाही. 1200 फूट केवळ थ्रॉटलने धरताना पहिल्या रात्री मी 900 ते 1600 असा हेलकावत होतो, चौथ्या रात्री शंभर फुटांच्या आत आलो. नाक उचलण्याविषयीची पैज ठाण्याच्या साहेबांनी जिंकली: रेकॉर्डिंग पुन्हा पाहिले, तेव्हा डेकपासून पन्नास फुटांवर माझी दांडी दरवेळी मागे येताना दिसली, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

नौकेवर परतल्यावर 18 प्रयत्नांत 9 तारा सापडल्या, त्यांतल्या दोन तर तिसऱ्या, म्हणजे जिच्यावर नेम धरायचा असतो त्या. बेचक्याकडे नेम धरल्यापासून डावीकडे जाणे थांबले. गिरगावकरताईंच्या सांगण्यावरून वहीत अंतर लिहू लागलो आणि उघड झाले की चुकलेल्या नऊपैकी सात वेळा मी समांतर असताना एक मैलाच्या आत होतो. टॉमकॅट यादीतून काढून टाकले आहे. काका, सुखोई-33 मात्र रविवारी उडवणार.

गिरगावकरीण

एक मैलाच्या आत शिरता, याचा अर्थ पहिले वळण आपण घट्ट घेता. नौका ओलांडल्यावर लगेच न वळता दोन-तीन सेकंद जास्त जाऊ द्या आणि वळणात दांडी थोडी सैल धरा. चुकलेल्या त्या सातपैकी एखादे रेकॉर्डिंग पाठवलेत, तर मी पाहून सांगेन.