१ जीबी रॅमच्या जुन्या डब्यावर (कॉम्प्युटरवर) विंडोजऐवजी लिनक्स: उपयोग आहे की नुसती हौस?

खटपट्या:
आधी माझं मत लिहितो, मग काय ठोकायचं ते ठोका. २००८-०९ सुमारचे ते चिमुकले नेटबुक, अ‍ॅटम एन२७० प्रोसेसरवाले, १ जीबी रॅम, अजून कितीतरी घरांत माळ्यावर पडलेत. भंगारात घालू नका. अँटीएक्स २३ या हलक्या लिनक्सची ३२-बिट (जुन्या प्रोसेसरांसाठीची) आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, पेनड्राइव्हवर घ्या, डेस्कटॉपला हलकं आइसडब्ल्यूएम ठेवा, मस्त पळतं. टायनी कोअर हे त्याहून चिमुकलं लिनक्स तर ४६ एमबी रॅमवरही उठतं. पोरांना टायपिंग, गाणी, पीडीएफ एवढंच हवं तर नवीन कशाला घ्यायचं?

चष्मिष मावशी:
उठतं हो, पण उठून करतं काय? ब्राउझर उघडून दाखवा. मेलचा एक टॅब, दुसऱ्या टॅबात पेपर, की डिस्कचा दिवा लागतो तो विझतच नाही, माउस पण हलत नाही मग. लिनक्स हलकं राहिलं पण वेबसाइटी जड झाल्या त्याचं काय? आणि एन२७० ३२-बिटच आहे, ६४-बिटचं काही चालत नाही त्यावर. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ लाच सोडलं, डेबियन १३ या मोठ्या लिनक्सला ३२-बिटचा इन्स्टॉलरच नाही, फायरफॉक्सनेही १४५ व्या आवृत्तीपासून हात वर केले. असल्या मशीनवर, जुन्याच ब्राउझरात नेटबँकिंग करणार का तुम्ही?

खटपट्या:
नेटबँकिंग करा असं कुठे लिहिलंय मी?? लिनक्समधलं झेडरॅम चालू करा, रॅम भरली की स्वॅपमध्ये (डिस्कवरच्या राखीव जागेत) जाणारा माल रॅममध्येच दाबून बसवतं, थोडा प्रोसेसर खातं पण डिस्कवरच्या चकरा वाचतात.

सोल्डरवाला:
एन२७० वर दाबादाबी करायलाही प्रोसेसर लागतो ना भाऊ, तो कुठून आणणार. तुम्ही दोघं सगळे जुने कॉम्प्युटर एकाच मापाने मोजताय. टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही कमांड मारा आणि आधी बघा ३२ की ६४. कोअर टू ड्युओ प्रोसेसर निघाला तर ६४-बिट आहे, सेकंडहँड डीडीआर२ रॅम मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधली तर मिळते, बोर्ड घेत असेल तर ४ जीबी करा, स्वस्तातला एसएसडी लावा, मग बोला. एन२७० वाले मात्र २ जीबीच्या वर जातच नाहीत, तिथे माझं मत मावशींकडे.

बोरूबहाद्दर:
मराठी लिहिणाऱ्यांचं कुणी बोललंच नाही. टायनी कोअरवर मराठी फाइल उघडली की नुसते चौकोन, कारण देवनागरी फॉन्टच नसतो, लोहित वगैरे आपण टाकायचा. आणि रॅम वाचवायला साध्या काळ्या कन्सोलवरच (नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर) राहीन म्हणाल तर तिथे जोडाक्षरं धड जुळत नाहीत. म्हणजे डेस्कटॉप आला, मराठी टायपिंगसाठी आयबस आलं, परत रॅम गेली. तरी लिहायला मला असंच मशीन आवडतं, यूट्यूब चालत नाही हीच मजा :)

चष्मिष मावशी:
तुमची मजा होते हो. पोराला अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो तेव्हा कुठे जायचं?

खटपट्या:
फोनवर भरतो की तो. मावशी, तुमच्याकडचा डबा देऊन टाकता का मला?

चष्मिष मावशी:
चार्जर नाहीये त्याचा.