कल्पना, कल्पकता, युक्ती आणि शक्कल

'कल्पनाशक्ती' आणि 'कल्पकता' हे शब्द हल्ली एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, आणि दोन्हींऐवजी 'सर्जनशीलता' लिहिण्याचीही पद्धत पडली आहे. रोजच्या व्यवहारात अडलेले काम डोके चालवून मार्गी लावणाऱ्या बुद्धीविषयी बोलायचे असेल, तर माझ्या मते 'कल्पकता' हाच नेमका शब्द आहे.

संस्कृतातील 'क्लृप्' या धातूचा अर्थ जुळणे, योग्य होणे, समर्थ होणे असा आहे. कल्पना, संकल्प, प्रकल्प आणि क्लृप्ती हे सारे त्याच कुळातले शब्द आहेत. म्हणजे मनात रचणे आणि प्रत्यक्षात जुळवून आणणे या दोन्ही गोष्टी त्या धातूत आहेत. 'कपोलकल्पित'मधला खोटेपणा ही त्यातली केवळ एक छटा होय. बोलीत तर 'पाहुणे येणार याची घरी कल्पना देऊन ठेव' असे म्हणताना 'कल्पना' म्हणजे चक्क पूर्वसूचना असते.

क्रियापदे पाहिली की फरक आणखी स्पष्ट होतो. कल्पना सुचते, युक्ती योजतात, शक्कल लढवतात. कल्पकता मात्र सुचत नाही, ती माणसात असते आणि त्याच्या कामात दिसते.

आमच्या नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांचेच उदाहरण घेतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी कडक ऊन असले, की मण्यांत पाणी उतरण्याच्या, म्हणजे ते पिकू लागण्याच्या, सुमारास हिरव्या जातींचे मणी गुलाबी पडू लागतात. बागायतदार त्याला 'पिंक बेरी' म्हणतात, आणि असा माल निर्यातीत चालत नाही. त्यावर उपाय म्हणून रद्दीतल्या वर्तमानपत्राचा कागद एकेका घडाभोवती गुंडाळून पिन मारली जाते. काही जण बागेवर जुन्या साड्याही बांधतात. ऊन आणि थंडी थेट घडापाशीच अडवता येईल, ही कल्पना. कागद गुंडाळणे, ही युक्ती. आणि घरात पडलेल्या रद्दीकडे घडाचे पांघरूण म्हणून पाहू शकणारी दृष्टी ज्याच्यापाशी होती, तो कल्पक. आज निफाडपासून दिंडोरीपर्यंत कोणीही घडांना कागद बांधतो, तरी त्याला आपण त्यासाठी कल्पक म्हणत नाही. युक्ती शेजाऱ्याकडून उचलता येते, कल्पकता तशी उचलता येत नाही.

दादासाहेब फाळक्यांचे उदाहरणही येथे बोलके आहे. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेल्या फाळक्यांनी 1912 मध्ये विलायतेहून कॅमेरा आणल्यावर, भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीचे रोज थोडे थोडे चित्रण करून ते सलग दाखवले. याला 'प्रतिभा' म्हणावे की 'कल्पकता'? संस्कृत काव्यशास्त्रकार भट्टतौताने नवनवे उन्मेष प्रकट करणाऱ्या प्रज्ञेला 'प्रतिभा' म्हटले आहे, आणि फाळक्यांच्या पुढील कामासाठी तो शब्द मी निःशंकपणे वापरेन. पण पैसा उभा करण्याची अडचण एका कुंडीच्या साहाय्याने सोडवणे, ही मात्र कल्पकताच.

'शक्कल' मूळ अरबीतून आलेला. तिकडे त्याचा अर्थ रूप, आकार असा आहे. मराठीत त्याला थोडा चलाखीचा वास चिकटला आहे, म्हणूनच तस्करांच्या बातमीत 'नामी शक्कल' हमखास येते, 'कल्पकता' क्वचितच येते. 'जुगाड' हिंदीतून आलेला आहे. त्यात वेळ मारून नेण्याचा भाव आहे आणि टिकाऊपणाची हमी नाही. घडांना कागद बांधण्याच्या, हंगामामागून हंगाम चालत आलेल्या रीतीला कोणी जुगाड म्हटले, तर मला ते खटकते.

'हिकमती' या शब्दाचा उलगडा मला अजून पुरता झालेला नाही. 'मोठा हिकमती माणूस आहे' असे जुनी माणसे म्हणतात, तेव्हा त्यांना त्याची चिकाटी अभिप्रेत असते की कल्पकता? निफाड, सिन्नर, येवल्याकडच्या वाचकांनी आपल्या गावात ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी येथे नोंदवावीत.