अर्थसी मालिकेतील दुसरा भाग: नेटाने वाचावा की सोडून पुढे जावे?

माझ्या तेरा वर्षांच्या भाचीबरोबर गेल्या सुट्टीत मी उर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी वाचली. ती मोठ्याने इंग्रजी वाचते आणि अडलेल्या जागी मी मराठीत सांगते, असा आमचा रिवाज आहे. गर्वापायी तरुण जादूगार गेडने मोकळी सोडलेली ती सावली, तिच्यापासूनचा त्याचा पळ आणि मग उलटून त्यानेच केलेला तिचा पाठलाग, हे सारे तिला इतके भावले की दुसरा भाग, ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’, आम्ही लगोलग मागवला. आता मात्र गाडी रुतली आहे. तीन प्रकरणे संपली तरी गेडचा पत्ता नाही, समुद्र नाही, ड्रॅगनही नाही. ओसाड माळावरचे एक जुने देवस्थान, तिथल्या पुजारणी आणि दिवस ढकलणारी एक मुलगी, एवढेच आहे. हा भाग वगळून थेट तिसरा घ्यावा, असे भाचीचे म्हणणे आहे. ज्यांनी ही मालिका पूर्ण वाचली आहे, त्यांनी कृपया सांगावे की तिचे ऐकावे की नेट धरावा. शेवट मात्र कोणी उघड करू नये.

प्रतिसाद १

कृपया वगळू नका, आणि निदान आणखी दोन प्रकरणे तरी वाचा. पुस्तक बारा प्रकरणांचे आहे आणि गेड पाचव्या प्रकरणात येतो, म्हणजे तुम्ही अगदी उंबरठ्यावर थांबला आहात. तो कसा येतो हे सांगत नाही. पण ज्या भुयारात दिवा नेण्यास सक्त मनाई आहे, त्यात त्या मुलीबरोबर, म्हणजे आर्हाबरोबर, भिंती चाचपत आणि वळणे मोजत आपण बराच वेळ चाललेले असतो, म्हणूनच पुढे जे दिसते त्याने आपणही तिच्याइतकेच दचकतो. सुरुवातीचा संथपणा त्या एका क्षणासाठी साठवलेला आहे, असे माझे मत आहे.

तुमच्या भाचीची खरी अडचण मला वेगळीच वाटते. पहिल्या भागात आपण गेडच्या होडीत बसलेलो असतो. इथे लेखिकेने आपल्याला पलीकडच्या काठावर, कारगाद लोकांच्या देशात नेऊन बसवले आहे, जिथे जादूगार म्हणजे लबाड आणि धर्मबुडवा माणूस. ओळखीचा नायक परक्या डोळ्यांनी, तेही चोर म्हणून, पाहायला मिळणे ही या भागाची मोठी गंमत आहे आणि ती अनुभवायची तर आधी त्या परक्या घरात थोडे राहावेच लागते.

दोन गोष्टी करून पाहा. पहिल्या भागातले आठवे प्रकरण पुन्हा काढा. त्यात एका उजाड बेटावर अडकलेली म्हातारी गेडला हातात घालायच्या मोडक्या कड्याचा एक तुकडा देते आणि ती वस्तू काय आहे हे त्याला कळत नाही. भाची ते विसरली असेल. तिला फक्त वाचायला लावा, स्पष्टीकरण देऊ नका. दुसरे म्हणजे, पुस्तकात भुयारी चक्रव्यूहाचा नकाशा आहे. त्याची झेरॉक्स काढून तिच्या हाती पेन्सिल द्या आणि आर्हा जिथे जिथे जाईल तो मार्ग तिला आखू द्या. माझ्या मुलाला एरवी वाचताना एका जागी बसवत नसे, पण या नकाशावर तो तासभर ओणवा होता.

प्रतिसाद २

वगळू नये, हे मलाही मान्य आहे. कारण मात्र वेगळे आहे. पहिल्या भागात खरे नाव ही जपायची, लपवायची आणि केवळ विश्वासाच्या माणसाला सांगायची गोष्ट असते. दुसरा भाग उघडतो तो आईच्या हाकेने, ‘तेनार’ या नावाने, आणि पाच वर्षांची झाल्यावर त्या मुलीला घरातून नेऊन तेच नाव तिच्यापासून काढून घेतले जाते. मुख्य पुजारीण ज्या रात्री मरते त्या रात्री जन्मलेली मुलगी म्हणजे तीच पुन्हा आली, असा तिथला समज आहे. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेले नवे नाव घेऊन ज्यांनी सासरचा उंबरा ओलांडला, त्यांना हे प्रकरण परीकथेसारखे वाटणार नाही. मला तरी वाटले नाही. ‘आर्हा’ म्हणजे ‘गिळली गेलेली’. भाचीला मराठीत सांगताना ‘भक्षिलेली’ असा पुस्तकी शब्द वापरू नका, त्याने सगळा काटा निघून जातो.

माझी तक्रार संथ सुरुवातीबद्दल नसून उत्तरार्धाबद्दल आहे. सुटकेची वाट बाहेरून आलेल्या पुरुषाकडूनच का दिसावी, हा प्रश्न मला प्रत्येक वाचनात पडतो. स्वतः ले ग्विन यांनीही १९९२ मध्ये ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात या मालिकेतील पुरुषकेंद्री नायकपरंपरेची नव्याने तपासणी केली होती. परंतु हा वाद भाचीसमोर पुस्तक संपल्यावरच काढावा.

प्रतिसाद ३

क्रमाविषयी थोडे. ‘द फार्देस्ट शोअर’ (१९७२) स्वतंत्रपणे समजतो, त्याला अमेरिकेचा नॅशनल बुक पुरस्कारही मिळाला आहे. पण रिकाम्या सिंहासनाचा जो धागा त्यात आहे, त्याचे वजन दुसरा भाग वाचल्याशिवाय जाणवत नाही. चौथा भाग ‘तेहानू’ १९९० साली, म्हणजे तब्बल अठरा वर्षांनी आला आणि त्यात तेनार मध्यमवयीन आहे. त्यात लहान मुलीवर झालेला क्रूर अत्याचार आहे, त्यामुळे तो दोन-तीन वर्षे तरी भाचीच्या हाती देऊ नये. तुम्ही स्वतः मात्र अवश्य वाचावा, कारण प्रतिसाद २ मधील तक्रारीला लेखिकेने दिलेले उत्तर मला तिथेच सापडले. चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांसह २०१८ साली निघालेली एकत्रित आवृत्ती देखणी आहे, पण आडवे पडून वाचणाऱ्याच्या छातीवर ती पाटा ठेवल्यासारखी वाटते. सुटी पुस्तकेच घ्या.

मूळ धागाकर्ती

सर्वांचे आभार. आठवे प्रकरण काल दुपारी पुन्हा वाचले. कड्याच्या तुकड्यापाशी भाची थबकली, पण काही बोलली नाही. रात्री चौथे प्रकरण संपवून पाचवे सुरू केले आणि भुयारात आर्हाला जे दिसते त्या जागी मी मुद्दाम पुस्तक मिटले. त्यावर बरीच भांडाभांडी झाली. आज सकाळी उठून पाहते तो पुस्तक माझ्या उशाशी नव्हते, आणि नकाशाच्या झेरॉक्सवरची पेन्सिलीची रेघ आम्ही थांबलो होतो त्याच्या बरीच पुढे गेलेली होती.